अर्ध्या तिकिटाचे वय

वार्षिक परीक्षा आटोपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या पिंपळनेरच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला पोरगी धरून एखादी माऊली साक्रीकडे जाणाऱ्या गाडीत चढते. कंडक्टर पोरीकडे वरून खाली बघतो आणि विचारतो, "वय किती?" आई म्हणते, "अकरा." पोरगी अंगाने थोराड असली की कंडक्टरचा विश्वास बसत नाही, मग शाळा कोणती, इयत्ता कोणती असा उलटतपास होतो आणि शेवटी अर्धे तिकीट फाडले जाते. एसटीच्या नियमाप्रमाणे पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. तेरावे लागले की पूर्ण.

या अर्ध्या तिकिटाच्या वयाबद्दल, विशेषतः त्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांबद्दल आज लिहायचे आहे. नऊ, दहा, अकरा, बारा. या वयाचे मूल धड लहान नसते, धड मोठे नसते. त्याला खांद्यावर घेता येत नाही आणि एकटे सोडता येत नाही. ते प्रश्न विचारते आणि अजून तरी बापाचा हात धरायला लाजत नाही. आणखी दोन वर्षांनी ते आपल्याबरोबर यायलाही तयार होणार नाही. अशा मुलाला घेऊन एखाद्या साध्या दिवशी शहरात फिरायला जाणे, ही गोष्ट आमच्या आंबेडकरी कुटुंबांत किती वेळा घडते? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर फारच थोड्या वेळा.

आम्ही मुलांना घेऊन जातो ते लग्नाला, दहाव्याला, दवाखान्यात. नाहीतर १४ एप्रिलच्या मिरवणुकीला, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर. तेथे जायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. परंतु लाखोंच्या गर्दीत आईचा पदर सुटू नये एवढीच त्या मुलाची चिंता असते. त्याला काही विचारता येत नाही आणि आपल्याला काही सांगता येत नाही. उरलेले वर्षभर मूल शाळेत, शिकवणीत आणि मोबाईलमध्ये. "फिरायला जाणे" हा शब्दच आमच्या घरांत अजून चैनीच्या यादीत आहे. "ते पैसेवाल्यांचे चोचले, आपले काम नाही," असे आमची म्हातारी माणसे म्हणतात. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. सार्वजनिक ठिकाणी मोकळेपणाने फिरणे, तेथे बसणे, पाणी पिणे, हसणे-खेळणे हा आपला लढून मिळवलेला हक्क आहे. आणि हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

याचा पुरावा दूर शोधायला नको. खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यातली पहिली सहल आठवा. सन १९०१ च्या सुमाराची गोष्ट. आई वारलेली, वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात कोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर आणि मुले साताऱ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना भेटायला बोलावले. भीमराव जेमतेम नऊ-दहा वर्षांचे, म्हणजे याच अर्ध्या तिकिटाच्या वयाचे. बरोबर थोरला भाऊ आणि बहिणीची मुले. मुलांनी नवे सदरे शिवून घेतले, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे घेतली. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसायचे म्हणून केवढा आनंद! मसूर स्टेशनवर ती उतरली. वडिलांना पत्र मिळालेले नसल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. "तुम्ही कोण?" या प्रश्नाला भीमरावांनी भाबडेपणाने खरे उत्तर दिले, "आम्ही महार आहोत." त्यासरशी मास्तरांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही गाडी हाकायला तयार होईनात. अखेर असे ठरले की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान सोबत चालत येणार! रात्रीचा प्रवास. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी नव्हते. जकात नाक्यावर मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरीही पाणी मिळाले नाही. अन्न जवळ असून ती मुले उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला. अस्पृश्यतेची जाणीव त्यांना आधीही होती. पण या प्रवासाने जो धक्का दिला तो जन्मभर पुसला गेला नाही, असे त्यांनी नमूद केले आहे. लक्षात घ्या, हा धक्का शाळेत बसला नव्हता, देवळाच्या दारात बसला नव्हता. तो बसला सुट्टीतल्या सहलीत. नवे बूट घालून आनंदाने निघालेल्या एका मुलाचा आनंद जातीने वाटेत हिसकावून घेतला.

हे दुःख फक्त आपलेच नव्हते. सातासमुद्रापार अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या लेकीची गोष्ट सांगितली आहे. टीव्हीवर 'फनटाऊन' नावाच्या करमणूक उद्यानाची जाहिरात पाहून ती जायचा हट्ट धरते आणि काळ्या मुलांना तेथे बंदी आहे हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळते. जगातल्या दोन महान मुक्तिलढ्यांच्या नेत्यांनी गुलामीचे स्वरूप समजावून सांगताना मुलांच्या सहलीचाच दाखला द्यावा, हा काही निव्वळ योगायोग नाही. माणसाला माणूसपण नाकारण्याची सुरुवात त्याला रस्ता, पाणी आणि मौज नाकारण्यापासून होते.

म्हणूनच भारतीय संविधानाचा अनुच्छेद १५ उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्या खंडात काय आहे? दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे असा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या सार्वजनिक वावराच्या जागा आहेत. यांपैकी कोठेही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाला अडवता येणार नाही. करमणूक! देशाच्या मूलभूत हक्कांत करमणुकीच्या जागेला स्थान आहे. मसूर स्टेशनावरच्या त्या तहानलेल्या मुलाने मोठेपणी मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, हे ध्यानात ठेवून हा अनुच्छेद आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलाला वाचून दाखवा. त्याला तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

या अनुच्छेदामागे लढ्यांची रांग आहे. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला आणि सरकारी खर्चाने चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशी ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत असे ठरले. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करावा लागला. आज आपले पोरगे बागेतल्या नळाला तोंड लावून पाणी पिते, तेव्हा त्या नळापर्यंत पोहोचायला आपल्या बापजाद्यांना किती पायपीट करावी लागली, हे त्याला एकदा तरी कळायला हवे.

मात्र येथेच एक सावधगिरी. हे कळायला हवे म्हणून सहलीचा तास करू नका! आमच्या कार्यकर्त्यांना एक खोड आहे. मूल समोर दिसले की आम्ही भाषण सुरू करतो. पोर आईस्क्रीम मागते आणि आम्ही त्याला पुणे करार समजावतो. अशाने मूल कंटाळते आणि पुढच्या वेळी यायचे नाव घेत नाही. दिवसाचे दोन भाग करावेत. अर्धा दिवस आपण ठरवलेला, अर्धा दिवस त्याने ठरवलेला. त्याच्या अर्ध्या दिवसात त्याला पाणीपुरी खायची असेल, पाळण्यात बसायचे असेल, नुसते पुलावर उभे राहून गाड्या मोजायच्या असतील, तर ते करू द्यावे. तेही संविधानातले करमणुकीचे ठिकाणच आहे.

आता आमच्या पिंपळनेरपुरते बोलू. आमच्यासाठी जवळचे शहर धुळे. सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारच्या आत पोहोचता येते. या प्रवासात मुलाला खिडकीची जागा द्या आणि एकच काम द्या. पांझरा नदी कोठे कोठे दिसते ते मोजायला सांगा. आपल्या पिंपळनेरची पांझरा तीच धुळ्याची पांझरा, पुढे मुडावदला तापीला मिळणारी. आपल्या गावाजवळ लाटीपाडा धरण, खाली अक्कलपाडा धरण आणि या दोहोंच्या मधल्या-खालच्या पट्ट्यात जुने दगडी बंधारे. याच नदीवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, शेताचे फड पाडलेले असतात, कोणत्या फडात कोणते पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळायची. मुलाला विचारा, या पाटाचे पाणी कोणाच्या शेतात जात होते? ज्याला जमीनच नव्हती, त्याच्या वाट्याला या उत्तम पद्धतीतले काय आले? उत्तर त्यालाच शोधू द्या. साक्री तालुक्यातल्या दातर्तीला पांझऱ्याच्या कालव्याचे पाणी नाल्यापलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधला गेला. ते काम करणारा तरुण इंजिनिअर म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८८४ साली त्यांची नोकरी सुरू झाली आणि सुरुवातीच्या काळातच ते आमच्या खानदेशात होते. पाणी खाली जाऊन पुन्हा वर कसे चढते, हे पारदर्शक नळीच्या तुकड्याने घरी करून दाखवता येते. अकरा वर्षांच्या मुलाला याहून मोठी जादू दाखवायची गरज नाही.

साक्री तालुक्यातच ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रानच उभे आहे आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. भामेरच्या किल्ल्याच्या पोटात कोरलेल्या लेण्या आहेत. म्हणजे शहरात जाण्याआधीच वाटेवर चार-पाच दिवसांचे पाहण्यासारखे आहे. आमची पोरे टीव्हीवर परदेशातल्या पवनचक्क्या बघून हरखतात आणि घराजवळची पाती कशी फिरतात हे त्यांना कोणी दाखवत नाही!

धुळ्यात उतरल्यावर पहिले काम, मुलालाच रस्ता विचारायला लावा. धुळ्याच्या जुन्या वस्तीत गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर एक, दोन, तीन असे. "आपल्याला अमुक नंबरच्या गल्लीत जायचे आहे, तू घेऊन चल," असे म्हणून आपण मागे चालायचे. चुकला तर चुकू द्या. ज्याला अनोळखी माणसाला मान वर करून पत्ता विचारता येतो, त्याला उद्या तहसील कार्यालयात दाखला मागताना भीती वाटत नाही. आमच्या मागच्या पिढ्यांची अर्धी शक्ती या भीतीतच गेली. राजवाडे संशोधन मंडळात जुन्या मूर्ती, जुनी कागदपत्रे आहेत, तीही दाखवा. दाखवताना एक प्रश्न मात्र खिशात ठेवा. या दप्तरांत आपल्या माणसांची नावे कोठे आहेत आणि कशी आहेत? इतिहास कोण लिहितो, कोणाचा लिहितो, हा प्रश्न पडायला बारावे वर्ष लवकरचे नाही.

धुळ्यापासून जवळच, मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. फारुकी राजवटीचे हे ठिकाण. किल्ल्याच्या आसपास लळिंगचे कुरण आणि त्या कुरणात लांडोर बंगला. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब या बंगल्यात मुक्कामाला होते. दरवर्षी ३१ जुलैला तेथे खानदेशातून हजारो भीमसैनिक जमतात. त्या दिवशी जरूर जावे. परंतु एकदा गर्दी नसताना पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी मुलाला घेऊन जावे. हिरवे कुरण, किल्ल्याची चढण, माथ्यावरचा वारा आणि सोबत डब्यातली भाकरी-ठेचा. तेथे बसून सांगावे की ज्यांना लहानपणी बैलगाडीवाल्याने नाकारले, त्यांना पुढे पक्षकार बॅरिस्टर म्हणून धुळ्याला मुद्दाम बोलावून घेऊ लागले.

अर्थात मधल्या काळात काय झाले तेही सांगावे. १९२९ साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला परतले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यात न्यायला तयार झाला नाही. कोणी तरी टांगा तेवढा मिळवला, पण हाकणारा आपल्यातलाच आणि त्याला टांगा हाकायची सवय नाही. नाल्यावरच्या पुलाशी टांगा अडखळला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर आदळले, पाय मोडला. मुलाने विचारले की "बॅरिस्टर असून असे का?" तर समजा की सहल सार्थकी लागली. धुळ्याहून चाळीसगावला आजही रेल्वे जाते. ज्या मुलाने अजून आगगाडी पाहिलेली नाही, त्याची पहिली आगगाडी हीच असू द्या.

दुसरी सहल नाशिकची. पिंपळनेरहून ताहराबाद-सटाणा मार्गे नाशिकला जाता येते. नाशिकला त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना 'पांडवलेणी' म्हणतात. त्यांचा पांडवांशी काही संबंध नाही, ही आपल्या बौद्ध भिक्खूंची विहारे आहेत, हे मुलाला पायथ्याशीच सांगून टाकावे. पायऱ्या चढताना कोण आधी पोहोचतो याची शर्यत लावावी. वर २४ लेणी आहेत. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात चक्क बँकेच्या ठेवीचा हिशेब आहे! उषवदाताने गोवर्धन येथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, शेकडा दरमहा एक या व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आता मुलाला तेथेच बसवून गणित घाला. दरमहा व्याज किती? वीस. वर्षाचे? २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे किती? २४०! हिशेब तंतोतंत जुळतो. एका मुलीसमोर हे गणित जुळले तेव्हा ती लेण्यातच टाळ्या वाजवून नाचली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत विणकरांच्या संघटना इतक्या विश्वासाच्या होत्या की राजाचा जावई त्यांच्याकडे ठेव ठेवत होता. कष्टकऱ्याला अक्कल नसते, पैसा सांभाळता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणते?

त्याच डोंगरावर अठरा क्रमांकाचे चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भागावर धंभिक गावच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. राजे-महाराजांनीच नव्हे, साध्या गावकऱ्यांनीही वर्गणी काढून हे वैभव उभे केले. आपल्या विहाराची वर्गणी मागायला येणाऱ्या कार्यकर्त्याकडे मूल मग वेगळ्या नजरेने बघेल. घरी आल्यावर ब्राह्मीतली पाच-सहा अक्षरे शिकवून त्याला स्वतःचे नाव लिहायला लावा. पुढचा आठवडाभर ते वहीच्या प्रत्येक पानावर ब्राह्मीत सही करील. खर्चाचे म्हणाल तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. अजिंठ्यालाही तोच नियम आहे. जळगावकडच्या वाचकांना तर अजिंठा अगदी दारात. फक्त सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी अजिंठा बंद असतो.

तिसरी सहल मुंबईची. वर्षातून एकदा, ६ डिसेंबर सोडून. परळची बीआयटी चाळ पाहावी, जेथे बाबासाहेबांचे कुटुंब लहान खोल्यांत राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह पाहावे, जे त्यांनी पुस्तकांसाठी बांधले. आणि चर्नी रोड स्टेशनजवळची बाग जरूर पाहावी, आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. शाळकरी भीमराव शाळा सुटल्यावर या बागेत जाऊन वाचत बसत. तेथेच विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यायचे. त्यांनी या वाचणाऱ्या पोराला हेरले, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, १९२३ चा ठराव मांडणारे तेच बोले. एका शहरातल्या एका साध्या बागेने आपल्याला काय दिले ते पाहा! घरात जागा नव्हती, पण शहरात सर्वांना बसता येईल असा एक बाक होता. म्हणून सार्वजनिक बाग, सार्वजनिक वाचनालय, मैदान या गोष्टी गरिबाच्या घराच्या खोल्या आहेत. त्या बिल्डरच्या घशात जाताना आपण गप्प बसता कामा नये.

याउलट आमच्यातला जो वर्ग नोकरीपेशात स्थिरावला, तो मुलांना घेऊन कोठे जातो? मॉलमध्ये. तेथे वारा मोफत आहे, बाकी सगळे विकत. मूल दिवसभर इतरांच्या हातातल्या पिशव्या बघते आणि आपल्याकडे काय नाही याची यादी घेऊन घरी येते. मॉलला जाऊच नये असे मी म्हणत नाही. सरकता जिना प्रत्येक पोराने एकदा चढावा! परंतु मॉलमध्ये मूल गिऱ्हाईक असते, बागेत आणि लेण्यात ते नागरिक असते. हा फरक आपण विसरलो तर दोष मुलांचा नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा, आमच्या मुलींचा. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला सायकल मिळते. मुलगी बारा वर्षांची झाली की तिचे फिरणे बंद होते. मी अकरा वर्षांच्या लेकीला धुळ्याला घेऊन निघालो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी अहिराणीत टोकलेच, "पोरले कथा लई चालना रे?" मुलगा बरोबर असता तर हा प्रश्न आला नसता. समाजाच्या प्रगतीचे मोजमाप स्त्रियांच्या प्रगतीवरून करणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. मग ज्या वयात मुलीचे डोळे उघडतात, त्याच वयात तिला घरात का कोंडायचे? उलट याच वयात तिला एसटी कशी पकडायची, सुटे पैसे कसे मोजायचे, कोणी अंगचटीला आले तर मोठ्याने कसे ओरडायचे, हे बरोबर राहून शिकवले पाहिजे. आणि शासनालाही जाब विचारला पाहिजे. तालुक्याच्या बसस्थानकांवर मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नसते, म्हणून आमच्या लेकी प्रवासात दिवसभर पाणी पीत नाहीत. १९०१ साली मुलांना जातीमुळे पाणी मिळाले नाही. आज मुली समोर पाणी असून पीत नाहीत. संविधानाच्या राज्यात हे चालवून घ्यायचे का?

कोणी म्हणेल, सारे खरे, पण पैसा कोठून आणायचा? हा प्रश्न खोटा नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे आई आणि बारा वर्षांखालचे मूल मिळून एका तिकिटात धुळ्याला जाऊन पोहोचतात. डबा घरचा, पाण्याची बाटली घरची. महिन्यातून एकदा एवढे जमवणे पुष्कळ कुटुंबांना शक्य आहे. परंतु ज्यांना तेही शक्य नाही त्यांचे काय? आमच्या साक्री तालुक्यातली भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात, द्राक्षाच्या कामाला नाशिककडे जातात. त्यांची मुले कमी प्रवास करतात काय? भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून ती शेकडो मैल हिंडतात. त्यांना नाशिक ठाऊक असते ते फक्त बागेच्या बांधापुरते. त्याच नाशिकच्या डोंगरावर आपल्याच पूर्वजांचा इतिहास कोरलेला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या मुलांना तेथे नेण्याची जबाबदारी एकट्या आई-बापावर टाकणे हा ढोंगीपणा ठरेल.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक बुद्धविहाराच्या समितीने जयंतीच्या वर्गणीतून ठरावीक रक्कम मुलांच्या सहलीसाठी बाजूला काढावी. डीजेची एक भिंत कमी लागली तरी बाबासाहेबांचा मान कमी होत नाही. शाळेमार्फत सहल काढली तर एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. आमच्या शिक्षक बांधवांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा. वस्तीतल्या दहा ते बारा वयाच्या पंचवीस-तीस मुला-मुलींना वर्षातून दोनदा न्यावे. त्यात ऊसतोडीवरून परतलेली मुले आधी घ्यावीत. शेजारच्या भिल्ल वस्तीतली, मुस्लिम मोहल्ल्यातली दोन-चार मुले बरोबर घ्यावीत. डबे एकत्र उघडावेत. सहभोजनाचे भाषण करायची मग गरज उरत नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातला आणखी एक प्रसंग सांगून थांबतो. साताऱ्यात असताना, याच वयात, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे त्यांनी ठरवले होते. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेचा बटवा लांबवायचा बेत होता. लागोपाठ रात्री प्रयत्न केल्यावर बटवा हाती लागला तेव्हा त्यात निघाला फक्त अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? तो बेत त्यांनी सोडला आणि अभ्यासाचा निश्चय केला. आज आपल्या पोराला मुंबई बघायला बटवा चोरावा लागत नाही, आणि स्टेशनवर जात सांगितल्यावर रात्रभर तहानलेले राहावे लागू नये एवढा कायदा आपल्या पाठीशी आहे. हे त्या एका मुलाच्या तहानेचे देणे आहे.

तेव्हा पालकहो, या सुट्टीत एक दिवस काढा. मुलाचा हात धरा आणि गाडीत बसा. त्याचे अर्धे तिकीट फार दिवस चालणार नाही.

जयभीम!